मृत्यूच्या दाखल्यावरची एक चौकट



बाळंतपणात बाई गेली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'रक्त फार गेलं का?' दुसरा, 'ताप होता का?' अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब ही कारणं आता गावोगावच्या बायकांना तोंडपाठ झाली आहेत. त्यामागे दाई, आशा आणि आरोग्याचं काम करणाऱ्या गटांची अनेक वर्षांची मेहनत आहे. या वेळी मला लिहायचं आहे ते मात्र एका वेगळ्या आजाराबद्दल. त्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं नसेल. आजाराइतकंच मला त्याच्या नोंदीबद्दल, किंवा न होणाऱ्या नोंदीबद्दल लिहायचं आहे. ज्या मरणाला कागदावर नाव मिळत नाही, ते पुढच्या बाईच्या बाबतीत टाळताही येत नाही.

मेंदूला रक्त पोचवणाऱ्या धमन्या आपल्याला ठाऊक असतात. त्यातली एखादी तुंबली किंवा फुटली की अर्धांगाचा झटका येतो. पण मेंदूत गेलेलं रक्त परत हृदयाकडे आणणाऱ्या शिराही असतात. या शिरांमध्ये किंवा त्या जिथे मिळतात त्या मोठ्या वाहिन्यांमध्ये रक्ताची गुठळी झाली, तर रक्त मेंदूतच तुंबून राहतं. मेंदूला सूज येते, कधी आत रक्तस्राव होतो. डॉक्टर याला 'सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस' म्हणतात. मी पुढे 'मेंदूच्या शिरेतली गुठळी' असंच म्हणेन.

डोकं दुखणं हे याचं पहिलं आणि सर्वात जास्त आढळणारं लक्षण. दुखणं दिवसेंदिवस वाढत जातं. मग उलट्या, अंधुक दिसणं, फिट येणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, ग्लानी. साधा सीटी स्कॅन केला तर अनेकदा तो ठीकठाक दिसतो. शिरांचं खास चित्र दाखवणारी तपासणी केली तरच गुठळी सापडते. सापडली तर रक्त पातळ ठेवणारी औषधं देता येतात. २००४ साली अनेक देशांतल्या ६२४ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात आठच्या आसपास होतं आणि बहुतेक रुग्ण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले होते. म्हणजे आजार गंभीर आहे, पण वेळेवर ओळखला तर बाई वाचते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ६२४ जणांमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश बायका होत्या.

असं का, याचं उत्तर बाईच्या शरीरात आणि तिच्या आयुष्यात, दोन्हीकडे आहे. गर्भारपणात रक्ताची गोठण्याची शक्ती वाढते. बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका सर्वात जास्त असतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो वाढतो. शरीरातलं पाणी कमी होणं आणि रक्तक्षय हीसुद्धा हातभार लावणारी कारणं मानली जातात. आता आपल्या बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे आणा. बाजेखाली शेगडी, दारं-खिडक्या बंद, कानाला घट्ट रुमाल, आणि 'पोट सुटेल' म्हणून मोजूनमापून दिलेलं पाणी. मुळात अंगात रक्त कमी. डोकं दुखतं म्हणाली तर 'जागरणानं दुखत असेल', 'वारं लागलं असेल'. फिट आली तर 'बाहेरचं लागलं'.

हा आजार आपल्या देशाला नवा नाही. १८२८ साली स्कॉटलंडच्या जॉन ॲबरक्रॉम्बी या डॉक्टरांनी बाळंतपणानंतर डोकेदुखी आणि फिट्स येऊन वारलेल्या एका तरुण बाईची हकिगत लिहून ठेवली. बाळंतिणीतल्या या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. आपल्याकडे १९८० साली रोहतकच्या आणि १९८३ साली मदुराईच्या डॉक्टरांनी शंभराहून अधिक गर्भार आणि बाळंत बायकांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ साली खास बाळंतिणींवरच्या उपचाराची चाचणी झाली. म्हणजे मोठ्या रुग्णालयांना ही गोष्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षांपासून माहीत आहे. पुरुषांनाही हा आजार होतो हेही सांगायला हवं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटनं २००२ ते २०१० या काळात नोंदवलेल्या ४२८ रुग्णांत निम्म्याहून थोडे अधिक पुरुषच होते. पण रुग्णालयाच्या नोंदीत येतो तो रुग्णालयापर्यंत पोचलेला माणूस. घरात, वाटेत किंवा देवऋष्याच्या दारात जी गेली, ती कुठल्या यादीत?

पाठ्यपुस्तकांत पूर्वी लिहिलेलं असे की हा आजार दहा लाखांत तीन-चार जणांना होतो. २०१२ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी दोन प्रांतांतल्या रुग्णालयांच्या नोंदी बारकाईनं तपासल्या. आकडा निघाला दहा लाखांत तेरा, आणि ३१ ते ५० वयाच्या बायकांमध्ये त्याच्याही दुप्पट. आजार रातोरात तिप्पट झाला नव्हता. तपासणीची साधनं सुधारली होती आणि कुणीतरी नीट मोजलं होतं. 'दुर्मीळ' हा शब्द ऐकला की मी म्हणूनच थोडी सावध होते. आजार खरोखर दुर्मीळ आहे, की त्याला शोधणारं आणि नोंदवणारं कुणी नाही?

आता नोंदीकडे वळू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती आपल्याकडे बहुतेक होते, कारण वारसाला, बँकेला, विम्याला दाखला लागतो. पण तो दाखला 'माणूस गेला' एवढंच सांगतो. 'कशानं गेला' हे सांगणारा कागद वेगळा असतो. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ. तो डॉक्टरनं भरायचा. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त साडेबावीस टक्के मृत्यूंना असं डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. म्हणजे नोंद झालेल्या दर चार माणसांतल्या तिघांहून अधिक जण कारणाविना गेले.

हा नमुना एकदा हातात घेऊन वाचण्यासारखा आहे. त्यात कारणांसाठी अ, ब, क अशा ओळी आहेत. अ मध्ये प्रत्यक्ष मृत्यू ओढवणारं कारण, ब मध्ये ते ज्यातून उद्भवलं ते, आणि क मध्ये त्याच्याही मुळाशी असलेलं. हृदय बंद पडलं, श्वास थांबला असं लिहू नये अशी सूचनाही असते, कारण मेलेल्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच. आणि खाली एक छोटी चौकट असते. मृत व्यक्ती स्त्री असल्यास, मृत्यू गर्भारपणाशी संबंधित होता का? असल्यास, प्रसूती झाली होती का? दोन प्रश्न, हो किंवा नाही. माझ्या लेखाचं शीर्षक या चौकटीवरून आलं आहे.

आमच्या गटाच्या कामात एक फाईल माझ्या हाती आली होती. नाव-गाव सांगत नाही. मुलगी बावीस वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतपण नीट झालं. नवव्या दिवशी डोकं दुखू लागलं. दोन दिवस बाम चोळला, काढा दिला. बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळी, फिट आली. आधी अंगारा झाला, मग तालुक्याचा दवाखाना, मग शहरातलं मोठं रुग्णालय. तिथे तिला बाळंतिणींच्या वॉर्डात घेतलं नाही. फिट्सची रुग्ण म्हणून ती मेडिसिनच्या वॉर्डात गेली आणि तिसऱ्या दिवशी वारली. घरच्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या कागदांत एमआरआयचा अहवाल होता. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, मेंदूच्या शिरेत गुठळी. आणि मृत्यूच्या कारणाच्या कागदावर? 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे.' चौकटीत 'नाही' वर खूण. पंधरा दिवसांची ओली बाळंतीण, आणि गर्भारपणाशी संबंध नाही!

त्या खुणेनं काय काय झालं, ते पाहा. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, जी आपल्याकडे मृत्यूच्या कारणांसाठी वापरली जाते, बाळंतपणानंतरच्या अशा गुठळीला स्वतःचा क्रमांक आहे. ओ ८७.३. गर्भारपणातल्या गुठळीला ओ २२.५. बाळंतपणाचा उल्लेखच नसेल तर तीच गुठळी आय ६७.६ मध्ये, म्हणजे सर्वसाधारण मेंदूविकारांत जाते. आणि आजाराचंच नाव नसेल, तर 'हृदय बंद' या गाठोड्यात. पहिल्या दोन ठिकाणी ती मातामृत्यू म्हणून ओळखली जाते. बाकीच्या दोन ठिकाणी ती कुणीच नसते. कोड देणारा माणूस दूरच्या कचेरीत बसलेला असतो. त्याच्यापुढे ना बाळ असतं ना आई, फक्त ती चौकट असते.

दुसरी गोष्ट घरात झाली. सासरचे म्हणाले, माहेरी नीट पाहिलं नाही. माहेरचे म्हणाले, गर्भारपणात सासरी राबवून घेतलं. गल्लीत बोलणं झालं ते वेगळंच, ती भरल्या दिवसांत अमुक झाडाखालून गेली होती म्हणून. आजाराचं नाव कुणी सांगितलंच नाही, मग ज्याच्या त्याच्या मनातलं नाव तिथे येऊन बसलं. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वात जास्त टोचते. तिला एकोणीस वर्षांची धाकटी बहीण होती, लग्न ठरलेली. रक्त लवकर गोठण्याची प्रवृत्ती काही घराण्यांत वारशानं येते. बहिणीला अशी गुठळी झाली होती हे माहीत असेल, तर ती गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरला ते सांगेल, गर्भारपणात सांगेल, तपासणी करून घेईल. थोरलीच्या आजाराचं नाव हा धाकटीचा हक्क होता. तो त्या कागदावर बुडाला.

कुणी म्हणेल, एवढ्या दुर्मीळ आजाराची नोंद ठेवून करायचंय काय? याचं उत्तर २०२१ साली जगानं पाहिलं. करोनाची लस सुरू होती. १५ मार्च २०२१ रोजी जर्मनीच्या पॉल एर्लिख संस्थेनं सांगितलं की ॲस्ट्राझेनेका लस घेतलेल्या १६ लाख लोकांमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी झालेले सात रुग्ण आढळले आहेत. त्यांतल्या सहा तरुण आणि मध्यम वयाच्या बायका होत्या. तिघे दगावले होते. एरवी तेवढ्या काळात, तेवढ्या लोकांत साधारण एकच रुग्ण अपेक्षित होता. सात रुग्णांवरून अख्ख्या देशानं ती लस काही दिवस थांबवली. पुढे ही गुठळी कशी होते ते कळलं, उपचाराची पद्धत बदलली, आणि अनेक देशांनी तरुण वयोगटाला वेगळी लस द्यायचं ठरवलं. सोळा लाखांत सात दिसले, कारण 'एरवी किती होतात' हे तिथे कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आपल्याकडेही समितीनं मे २०२१ मध्ये ४९८ गंभीर घटना तपासून त्यांतल्या २६ गुठळीच्या असू शकतात असं सांगितलं. लस बहुसंख्यांसाठी फायद्याचीच होती. मुद्दा एवढाच, की जिथे मुळात कारणच लिहिलं जात नाही, तिथे वाढलं की घटलं हे कशावरून म्हणायचं?

ब्रिटनमध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. कोण चुकलं हे शोधायला नव्हे, काय शिकायचं हे शोधायला. त्यांच्या २००३ ते २००५ च्या अहवालात रक्ताच्या गुठळीनं ४१ माता गेल्या. त्यांपैकी आठ मेंदूच्या शिरेतल्या गुठळीनं. दरम्यान कुणाला धोका जास्त आहे हे गर्भारपणातच ओळखायची पद्धत पसरली. २००६ ते २००८ मध्ये गुठळीचे मृत्यू १८ वर आले, मेंदूच्या शिरेतले दोन. नंतरच्या काळात तिथे गुठळी पुन्हा मातामृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण ठरली. वाईटच गोष्ट, पण ती त्यांना कळली, कारण मोजणी थांबली नव्हती. आणि हे साहेबाच्या देशातच होतं असं समजायचं कारण नाही. केरळमध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००४ पासून अशीच गोपनीय चौकशी चालवली आहे.

आपल्या सरकारी व्यवस्थेतही कागदावर सोय आहे. २०१० पासून मातामृत्यूंची तपासणी सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नियम सुधारले. पंधरा ते एकोणपन्नास वयातली कुठलीही बाई वारली तरी आशानं कळवायचं असतं. मग ती गर्भार होती का, बाळंतपणाला ४२ दिवस झाले होते का, हे पाहायचं आणि घरी जाऊन विचारपूस करायची. अडचण होते ती दोन ठिकाणी. बाई नाव नोंदवते सासरी, बाळंत होते माहेरी आणि मरते शहरात. तीन ठिकाणच्या तीन वह्या एकमेकींना भेटत नाहीत. दुसरी अडचण ४२ दिवसांची. आपल्या आज्या सव्वा महिना म्हणत, सरकार सहा आठवडे म्हणतं, दोन्ही जवळपास सारखंच. पण २०१४ साली अमेरिकेत मोठ्या संख्येनं बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गुठळीचा वाढलेला धोका बारा आठवड्यांपर्यंत राहतो असं दिसलं. पन्नासाव्या दिवशी गेलेली बाई 'उशिराचा मातामृत्यू' म्हणून वेगळी नोंदता येते, वर्षभरापर्यंत. पण त्यासाठी बाळंतपणाची तारीख कुणीतरी विचारायला हवी ना!

आणखी एक प्रश्न त्या नमुन्यात नाहीच. गोळ्यांचा. गणपती, हरतालिका, लग्नकार्य, यात्रा असली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. पाळी आलेली बाई देवाला चालत नाही, हे ओझं बाईनं स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर का घ्यायचं, हा प्रश्न आपण विचारतच राहू. गर्भनिरोधक गोळी लाखो बायकांना उपयोगी पडते आणि बहुतेकींना त्रास होत नाही. भीती घालायची नाही. पण गोळी घेणारीला वाढत जाणाऱ्या डोकेदुखीचा अर्थ माहीत हवा, आणि अशी बाई दगावली तर 'गोळी चालू होती' हे कागदावर यायला हवं. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात इंजेक्शनच्या गर्भनिरोधकाविरुद्ध स्त्रीसंघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हाही मूळ मागणी हीच होती. बाईवर काय परिणाम होतो ते नीट पाहा आणि लिहा.

डॉक्टरांची बाजूही मी ऐकली आहे. मातामृत्यू लिहिला की चौकशी लागते, कागद वाढतात, नातेवाईक अंगावर येतात. म्हणून हात आखडतो. हे समजण्यासारखं आहे, मान्य करण्यासारखं नाही. शिक्षेच्या भीतीनं खोटं लिहिलं जातं, तेव्हा चौकशी शिक्षेसाठी नाही याची खात्री देणं हे सरकारचं काम. आशावर किंवा रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरवर खापर फोडून मोकळं होणाऱ्या चौकशीला आपणही विरोध केला पाहिजे. पण नाव लिहायलाच हवं.

आपण काय करू शकतो? १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला द्यायचं आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला, तीही मोफत. हा आपला हक्क आहे. तो मागायला शिकवू या. गावात बाळंतपणानंतर वर्षभराच्या आत कुणी बाई गेली असेल, तर घरच्यांचं दुःख थोडं निवल्यावर, त्यांच्या परवानगीनं, हे कागद पाहा. बाळंतपण कधी झालं? डोकं कधीपासून दुखत होतं? फिट आली होती का? कुठली गोळी चालू होती? कुठल्या वॉर्डात ठेवलं? कारण काय लिहिलं, आणि चौकटीत खूण कुठे आहे? कागद आणि हकिगत जुळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी कळवा. बाईचं नाव चव्हाट्यावर येणार नाही याची काळजी घ्या. घरच्यांचा नकार असेल तर तोही माना.

आणि जिवंत बाळंतिणींसाठी एवढं. भरपूर पाणी प्यायला द्या. बाळंतपणानंतर डोकं दुखतंय आणि वाढतंय, दिसायला अंधुक झालंय, फिट आली, तर अंगाऱ्याला वेळ घालवू नका. दवाखान्यात कुठल्याही वॉर्डात नेलं तरी पहिलं वाक्य हेच सांगा, 'ही बाळंतीण आहे, इतक्या दिवसांची.' हे वाक्य सोबत गेलेल्या बाईनं न लाजता, दोनदा, तीनदा म्हणावं. तपासणीची दिशा त्यानं बदलू शकते.

तुमच्या भागात काय दिसतं ते आम्हाला कळवा. नावं नकोत, हकिगत हवी. आलेली पत्रं एकत्र करून आपण ती आरोग्य खात्यापुढे मांडू. शंभर पत्रं आली नाहीत तरी चालेल. जर्मनीत सात पुरली होती.

– संपादक